शांतवनच्या हातचा पलंग

सुरजने गट काढला तेव्हाच शांतवनने ओळखायला हवं होतं की यात काहीतरी घोळ होणार. सुरजने हाती घेतलेलं एखादं काम सरळ पार पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. हा बाबा बीडमध्ये सीसीटीव्ही विकतो आणि त्याच्या स्वतःच्या दुकानातला कॅमेरा वर्षभर बंद असतो. तर असा हा सुरज पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला गेला आणि एक निळी पुस्तिका घेऊन परतला. ख्रिस्ती व्यावसायिकांनी ठिकठिकाणी छोटे गट करावेत, महिन्यातून एकदा बसावं, एकमेकांना धंद्यात सोबत द्यावी, असं तिच्यात लिहिलेलं होतं. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच, की गट करायला माणसं लागतात.

इथल्या ख्रिस्ती घरांत मास्तर भरपूर, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर भरपूर, शिपाई आणि ड्रायव्हरही पुष्कळ. पण स्वतःचं शटर स्वतः वर करणारा माणूस शोधायला सुरजला तीन तालुके पालथे घालावे लागले. शेवटी पाच जण मिळाले. एक तो स्वतः. दुसरा केजचा पंडित, मांडव-डेकोरेशनवाला. तिसरा बीडचा रविराज, औषधांचं दुकान, मागच्याच वर्षी लग्न झालेलं. चौथ्या भिवराबाई, नेकनूरच्या, वय पंच्याहत्तर, मिरची कांडपाची गिरणी आणि बोलणंही त्याच जातीचं. आणि पाचवा चौसाळ्याचा शांतवन, हायवेवरच्या फर्निचरच्या दुकानाचा मालक आणि कारागीर, दोन्ही एकच.

गटाचे नियम तीन. पहिला, इथलं बोलणं इथंच राहील. दुसरा, कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. माणसाचं उत्तर त्याच्याच पोटात असतं म्हणे. तिसरा, समोरच्याच्या अडचणीत ज्याचा स्वतःचा फायदा-तोटा गुंतला असेल त्यानं तसं आधीच सांगायचं आणि त्या दिवशी गप्प बसायचं. दुसरा नियम पहिल्याच बैठकीत मेला. पंडितने रविराजला विचारलं, "तुमाला असं वाटत न्हाई का, की तुमी शेजारचा गाळाबी घ्यावा?" हा प्रश्न आहे की सल्ला, यावर अर्धा तास गेला. मराठवाड्यातल्या माणसाला सल्ला देऊ नको म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडाला कुलूप लावण्यासारखंच आहे.

तरीही शांतवनने या महिन्याची पाळी आपल्याकडे मागून घेतली, कारण त्याच्यासमोर दुसरा इलाज नव्हता.

त्याची अडचण अशी. दुकानात पुढे पलंग, दिवाण, ड्रेसिंग टेबल. मागे पत्र्याची शेड, रंधा, करवत, भुसा. आणि त्या शेडच्या कोपऱ्यात कडुलिंबाच्या फळ्या कायम वेगळ्या ठेवलेल्या. बीडपासून केजपर्यंत कुठल्याही ख्रिस्ती घरात माणूस गेलं, की पहिला फोन चर्चच्या पाळकांना जातो आणि दुसरा शांतवनला. उंची सांगतात, खांदे रुंद असतील तर तेही सांगतात, आणि तो हातातलं काम टाकून मयताची पेटी करायला घेतो. तीन-चार तासांत पेटी तयार. माती देण्याआधी कुणाच्या घरी पेटी पोचली नाही असं आजवर घडलेलं नाही. लाकडाचे तेवढे पैसे घ्यायचे, मजुरी घ्यायची नाही, ही त्याच्या वडिलांची शिस्त आणि तीच त्याची. दुसरं कुणी हे काम करत नाही.

गेल्या सोमवारी विजयसिंह बायकोसह दुकानात आले. विजयसिंह म्हणजे या पट्ट्यातलं मोठं घर. जमीन, ट्रॅक्टर, राजकारण, वाढदिवसाला गावभर फ्लेक्स. त्यांच्या मुलीचं, संस्कृतीचं, लग्न ठरलेलं. शांतवनने एका पलंगावर कोरलेला मोर वहिनीसाहेबांना फार आवडला. त्या हात धुवायला मागे गेल्या आणि तिथं नेमकी एका सिस्टरची पेटी अर्धी रंधलेली पडली होती. परत आल्या त्या एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसल्या.

मंगळवारी विजयसिंह एकटेच आले. दमदाटी करायला नाही. उलट बिचारे अवघडलेले होते.

"शांतवन, पोरीच्या आंदणाचं सगळं फर्निचर तूच कर," ते म्हणाले. "नव्या बंगल्याची दारं, कपाटं, पाहुण्यांची बैठक, तेबी तुझंच. तुझ्या हाताला तोड न्हाई. पण एक शब्द दे. पेटीचं काम आजपासून बंद. इथं न्हाई अन् दुसरीकडं कुठंबी न्हाई. ज्या हातानं त्यो उद्योग, त्याच हातानं माझ्या पोरीचा पलंग, हे घरात कुणाला सोसंना. बायको दोन घास खाईना झालीय."

"साहेब, आमच्या लोकांचं..."

"मला समजतंय रे. मी न्हाई म्हणत तू वाईट करतोस. पण मीबी बापच हाय ना? गुरुवारी पाचला धोंडीरामला पाठवतो. हो का न्हाई, त्याच्यापाशी सांग."

त्या घरचं काम मिळालं म्हणजे त्यांच्या सगळ्या सोयऱ्यांचं मिळालं. ते गेलं म्हणजे हायवेवरची निम्मी गिऱ्हाइकं गेली, कारण विजयसिंहांच्या बायकोने काय पाहिलं हे चौसाळ्यात बुधवारपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. शांतवनने बायकोला, सत्यशीलाला, विचारलं. ती म्हणाली, "हात तुमचे हायत, तुमीच ठरवा." पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, प्रार्थना करू. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि दोघांचाही काडीचा उपयोग नव्हता.

म्हणून गुरुवारी दुपारी तीन वाजता गट त्याच्या दुकानात बसला. ज्याची पाळी, त्याच्या धंद्याच्या जागेवर बसायचं, असं पुस्तिकेत होतं. बसला म्हणणंही तसं चुकीचंच. दुकानात दोन सोफे, तीन पलंग आणि एक दिवाण असताना मंडळी उभीच राहिली. रविराज म्हणाला, त्याची पाठ धरलीय. पंडित म्हणाला, नव्या मालाला कशाला डाग. सुरजने शेजारच्या चहावाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या तेव्हा सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. भिवराबाई तेवढ्या सोफ्यावर टेकल्या, पण त्यांचे गुडघे असे होते की त्या बैलगाडीवरही टेकल्या असत्या.

पंडितने प्रार्थना केली. पंडितची प्रार्थना म्हणजे आदामापासून सुरू होते. ती संपल्यावर सुरजने मोबाइलवर वीस मिनिटांचं घड्याळ लावलं आणि शांतवनने सगळं सांगितलं, मोरापासून धोंडीरामपर्यंत.

"छान," सुरज म्हणाला. त्याला छान काय वाटलं देव जाणे. "आता नियम तीन. या विषयात कुणाचा वैयक्तिक फायदा-तोटा आहे का?"

भिवराबाईंचा हात आधी वर गेला. "माझा हाय की. मी आता किती दिसांची? ह्यानं बंद केलं तर मला काय पोत्यात घालून नेतेत?"

मग पंडितने हात वर केला. त्याचे वडील चार महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेले. रविराजची आजी नव्वदीची. त्यानेही हळूच बोट वर केलं. सगळ्यांनी सुरजकडे पाहिलं. सुरजने स्वतःच्या घरातली माणसं मनात मोजली आणि त्याचाही हात वर गेला.

"म्हंजे आता सगळ्यांनी गप बसायचं?" पंडितने विचारलं.

"नियमाप्रमाणे, हो."

आणि खरोखरच ते गप्प बसले. चार शहाणी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आणि एका सोफ्यावर हाताची घडी घालून बसली आणि मोबाइलवरचं घड्याळ पुढे पळत राहिलं. हायवेवरून ट्रक गेले. शांतवनला कळेना की आपण बोलावं की रंधा मारायला जावं. सुरज पुस्तिका उलटीपालटी करत होता. तिच्यात सगळ्यांचाच स्वार्थ असेल तर काय करावं हे नव्हतं. त्याने पुण्याला फोन लावला. तिकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पेटी तयारच मिळते ना? फोन केला की गाडीसकट येते." सुरजने फोन ठेवून दिला.

शेवटी भिवराबाई म्हणाल्या, "मरू दे त्यो तिसरा नियम," आणि तो एकमताने मेला.

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पंडितने विचारलं, "तुमाला असं वाटत न्हाई का, की विजयसिंहाला हो म्हणावं अन् पेटी गुपचूप चालू ठेवावी?" शांतवन म्हणाला, शब्द दिला की दिला. रविराजने विचारलं, शेड दुसऱ्या गावात नेली तर? शांतवन म्हणाला, जागेचं काही नाही, हाताचं आहे. सुरजने पुस्तिकेतून वाचून विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"इथंच," शांतवन म्हणाला. "दुकानात."

दहा मिनिटं गेली आणि तो आला होता त्यापेक्षा जास्त गोंधळला. त्याच्या पोटात उत्तर असेलच तर ते पार तळाशी जाऊन बसलं होतं.

"शांतवन," भिवराबाई म्हणाल्या, "तुला पेटी करायची हाय का?"

"म्हंजे?"

"म्हंजे करायला आवडतं का, नको वाटतं?"

हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा वडील गेले. पेटी करणारा माणूसच गेला, मग पेटी कोण करणार? काकाने त्याच्या हातात करवत दिली. त्याने रडत रडत वडिलांची पेटी केली, एक खिळा वाकडा गेला, तो उपटून पुन्हा मारला. आठ दिवसांनी कुणाचा तरी फोन आला, उंची सांगितली. तेव्हापासून फोन येतच राहिले. आवडतं का, हे विचारायला मध्ये फटच नव्हती.

"म्हायती न्हाई," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याला एकदम राग आला. रागाने त्याला बरंही वाटलं, कारण दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी स्पष्ट दिसत होतं. "आता माझा एक प्रश्न. तुमच्यापैकी कुणाच्या घरात माझ्या हातचा पलंग हाय?"

सुरजने मोबाइलवरचं घड्याळ बंद केलं.

"पलंग सोडा. पाट? चौरंग? पंडित, मागच्या नाताळाला तू दिवाण घेतलास. मी त्याच्यावर बसून तुझ्याकडची करंजी खाल्ली. चारी पायांना नुसते खिळे मारलेत, साधा सांधा न्हाई. वर्सभरात डुगडुगंल त्यो. मी कायबी बोललो न्हाई."

"डुगडुगतोय," पंडित खाली मान घालून म्हणाला.

"रविराज, तुझ्या लग्नात?"

रविराज लाल झाला. "आई म्हणाली, शांतवनकडून नको. मी कावून म्हणून विचारलं न्हाई, काका. मला म्हायती होतं."

"विजयसिंह निदान माझ्या दारात येऊन तोंडावर बोलला. तुमी माझ्या शेजारी बसून गीतं म्हणता अन् पलंग बीडहून आणता. माणूस मेलं की शांतवन आठवतो. त्याच्या आदी माझ्या हाताचा तुमाला इटाळ." तो उठून उभा राहिला. "ठरलं मग. सोडली पेटी. आला धोंडीराम की सांगतो त्याला."

हे ऐकून गटाची जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. पंडितने त्याचा हात धरला. रविराज म्हणाला, उद्याच्या उद्या आईला घेऊन येतो, कपाट सांगायचंय. सुरज दुसरा नियम साफ विसरला आणि एका दमात सात सल्ले देऊन बसला. शांतवनला, खरं सांगायचं तर, थोडं गोड वाटलं. एवढी वर्षं फोनवर नुसती उंची ऐकणाऱ्या माणसाला आज तिघे जण विनवत होते. त्या गोडव्याखाली कडू होतंच, पण ते त्याने बाजूला सारलं.

"थांबा बे," भिवराबाई म्हणाल्या. पंच्याहत्तरीच्या बाईने बे म्हटल्यावर पुरुष थांबतातच. "माझा एक प्रश्न ऱ्हायलाय. शांतवन, चार वर्सांखाली तू ऋतुजाचं लगीन केलंस. अंबाजोगाईला दिलीस लेक. तिच्या आंदणात पलंग होता, निळ्या गादीचा, मी बघितला. त्यो कुणाच्या हातचा?"

शांतवनने तोंड उघडलं.

"लग्नाची लई घाई होती," तो म्हणाला.

 भिवराबाईंच्या चेहऱ्यावर डाव नव्हता. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं होतं.

घाई नव्हती. सागवान दोन वर्षं आधी आणून वाळवून ठेवलेलं होतं. डोक्याच्या बाजूला वेल कोरायचा, हे ऋतुजा बारावीत असतानाच त्याने कागदावर काढून ठेवलं होतं. लग्नाला महिना असताना त्याने पहिली फळी रंध्याला लावली आणि त्याच दुपारी फोन आला, पाच फूट दोन इंच. त्याने पेटी केली, पोचवली, दुसऱ्या दिवशी परत येऊन सागवानावर हात ठेवला आणि तो हात त्याला पुढे नेता येईना. वाटलं, कालच्या हातानं लेकीचं? नको. त्याने ती फळी पुसून परत रचून ठेवली, बीडला गेला आणि दुकानातला पलंग घेऊन आला. सत्यशीलाला सांगितलं, वेळ झाला नाही. मग स्वतःलाही तेच सांगत राहिला, इतकं की आज कुणी विचारेपर्यंत ते खरंच होतं.

"बीडहून आणला," तो म्हणाला.

पंडितने त्याचा धरलेला हात सोडला नाही. रविराज हायवेकडे बघत राहिला. मघाशी उठलेला शांतवन कुठे बसावं ते न कळून उभाच होता. विजयसिंहांची बायको, रविराजची आई आणि तो स्वतः, तिघं एकाच बाजूला उभे आहेत, हे त्याच्या नीट ध्यानात आलं. लोकांवरचा राग आता कुणावर काढायचा हे मात्र कळेना. त्याला लाज वाटली, लोकांची नाही, त्या रचून ठेवलेल्या सागवानाची.

पाचला दहा मिनिटं कमी असतानाच धोंडीरामची गाडी आली. धोंडीराम विजयसिंहांचा ड्रायव्हर, भला माणूस, लवकर आला म्हणून त्यानेच माफी मागितली.

"साहेबांनी इचारलंय, हो का न्हाई?"

"धोंडीराम, साहेबाला सांग, पलंग करीन," शांतवन म्हणाला. "मोर कोरून, सागवानात, लई झ्याक करीन."

पंडितने डोळे मिटले.

"पेटीबी करीन. हात दोनच हायत, दुसरे कुठून आणू? अन् आदी माझ्या लेकीचा पलंग करायचाय. संस्कृतीताईचा नंबर त्याच्या मागून."

धोंडीराम गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला. "मंग हे हो धरू का न्हाई धरू?"

"मलाबी कळंना. तू आपलं हाय तसंच सांग."

धोंडीरामने ते दोनदा मनात घोकलं आणि गाडी वळवली. काम गेलं, हे सगळ्यांना कळलं होतं. सुरज काहीतरी विचारणार होता, पण भिवराबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने पुस्तिका मिटली. शांतवनने सगळ्यांसमोरच मोबाइल काढला आणि ऋतुजाला लावला.

"पप्पा? ह्या टायमाला? बरे हायत ना सगळे?"

"बरे हायत. तुमची निजायची खोली केवढी हाय गं? लांबी-रुंदी सांग."

"कावून?"

"पलंग करायचाय. तुझ्यासाठी."

"पलंग हाय की. तुमीच दिलता."

"त्यो मी केलेला न्हाई. इकत आणलाय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"मला म्हायती हाय, पप्पा," ती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं. मागच्या फळीवर दुकानाचं नाव हाय. सासूबाईंनी पण वाचलं. म्हणल्या, बाप सुतार अन् पलंग दुकानातला. मी म्हणलं, पप्पाला लई कामं असत्यात." तिचा आवाज थोडा खाली आला. "कुणाच्याबी पेटीला तुमी हातातलं टाकून उठायचा. मला वाटलं, माझ्यापुरताच तुमाला वेळ न्हाई झाला."

चार वर्षं तो समजत होता की आपण आपले हात लेकीपासून लांब ठेवून तिला जपलं.

"तसं न्हाई, पोरी."

"मग कसं?"

तो मागच्या शेडमध्ये जाऊन रचून ठेवलेल्या सागवानापाशी उभा राहिला. 

"टेप घे," तो शेवटी म्हणाला. "खिडकीच्या भिंतीपासून धर."

"टेप न्हाई घरात."

"मग वितीनं मोज. तुझी वीत मला म्हायती हाय."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, भिंतीजवळून, ती मोठ्याने मोजायला लागली, आणि शांतवनने कानावरची पेन्सिल काढली.